रोटाचं ताट

नंदुरबार
१६ ऑगस्ट २०२४

चि. सौ. सोनमला सरलाआत्याचे भरपूर आशीर्वाद, आणि सोबत थोडा रागसुद्धा.

चार दिवस तुझा फोन लावते आहे. डोंगरात टॉवर रुसला असेल असं आधी वाटलं, मग ललितने सांगितलं की टॉवर नव्हे, तू रुसली आहेस. कानबाईच्या विसर्जनालाही न थांबता सोमवारी पहिल्या गाडीने तू धडगावला निघून गेलीस म्हणे. त्याला नीट काही सांगता येत नाही. आईने तुला ताटावरून उठवलं एवढंच तो सांगतो. माझा भाचा शेतीखात्यात पिकांवरची कीड बरोबर ओळखतो, पण घरातलं काही त्याला दिसत नाही.

मी त्या दिवशी तिथे नव्हते. श्रावणातल्या कानबाईच्या नैवेद्याचा रोट हा आपल्या घरी फक्त भाऊबंदांचा असतो. लग्न होऊन गेलेली लेकसुद्धा तो खात नाही, म्हणून मी त्या रविवारी माहेरी फिरकतच नाही. तेव्हा जे झालं ते तुझ्याच हातचं वाचायचं आहे. मोबाईल लागत नाही तर पत्र लिही, तुमच्या उपकेंद्रातल्या आशाताईंबरोबर धडगावच्या पोस्टात पाठव. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, अजून कुणाचं अक्षर वाचताना अडले नाही.

एक मात्र विसरू नकोस. विनंती बदलीच्या अर्जाची मुदत वीस सप्टेंबर आहे. आपल्या गावाजवळच, सारंगखेड्याच्या बाजूच्या उपकेंद्रात नर्सची जागा रिकामी आहे, ती पुन्हा तीन वर्षं निघायची नाही. लग्नाला पाच महिने झाले, त्यातले महिनाभरही तुम्ही एका छपराखाली काढले नाहीत. तुमच्या लग्नाला माझ्या भावाला, लोटनदादाला तयार करताना माझ्या चपला झिजल्या, ते काही तुम्ही दोघांनी दोन डोंगरांवर राहावं म्हणून नाही. तुझ्या सासूची, जमनावहिनींची जीभ तिखट आहे, पण मन वाईट नाही.

जेवत जा, झोपत जा, आणि या म्हातारीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
सरलाआत्या


उपकेंद्र, ता. अक्राणी
२१ ऑगस्ट २०२४

ती. आत्यांना सोनमचा नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. तुमच्या चपलांचे उपकार मी विसरलेले नाही. आमच्याकडे पाऊस चालू आहे, नाल्यावरचा रस्ता दोनदा वाहून गेला, आणि कालच एका बाईचं बाळंतपण जीपमध्ये केलं. दोघी सुखरूप आहेत. ही बातमी आधी सांगितली, कारण पुढची चांगली नाही.

त्या दिवशी मी पहाटे चारला उठले. अंगण सारवलं, पाणी भरलं, ओसरीत बसून भाजीच्या गंगाफळाच्या फोडी केल्या. चुलीकडे मला कुणी बोलावलं नाही, मला वाटलं नवीन आहे म्हणून. कानबाईची आरती झाली. बायकांची पंगत आतल्या खोलीत बसली, बावीस जणी होत्या, मी मोजल्या. चुलत जाऊ स्वप्नालीने सरकून मला शेजारी जागा दिली. ताट वाढलं गेलं, खीर आली, रोट आला. मी रोटाचा तुकडा मोडला. तो तोंडात जायच्या आधी आईंनी वाकून माझ्या समोरून ताट उचललं आणि म्हणाल्या की सोनम, तू भायेर बैस, तुन्हं ताट भायेर वाढेल शे. माझ्या बोटांतला तुकडासुद्धा त्यांनी काढून घेतला. पंगत तशीच पुढे जेवत राहिली. बाहेर ओसरीवर पत्रावळ होती, तिच्यावर पुरी आणि भाजी. शेजारी ट्रॅक्टरवाला बसला होता, त्याचीही तशीच.

मी पुरी खाल्ली. उठून गेले असते तर आदिवासी पावऱ्याची पोर माजली असं झालं असतं, म्हणून शेवटच्या घासापर्यंत खाल्ली.

आत्या, मी आश्रमशाळेत वाढले. पोरं आम्हाला काय काय म्हणायची ते मला पाठ आहे आणि त्याचं मला आता काही होत नाही. पण त्या पोरांच्या घरात मला संसार करायचा नव्हता. मला एकच गोष्ट कळायला हवी. आईंनी ते रीत म्हणून केलं, की मी पावरा म्हणून? ललित म्हणतात की आईच्या मनात तसं काही नव्हतं. ते त्या वेळी पुरुषांच्या पंगतीत बाहेर होते, त्यांनी पाहिलं नाही, आणि आईला विचारलंही नाही. तुम्ही कुणाचं तोंड बघून बोलत नाही असं ते नेहमी सांगतात. तेव्हा निकाल तुम्ही द्या. रीत होती असं तुम्ही शोधून, विचारून, खरं म्हणून लिहिलंत तर मी अर्ज भरेन. नसेल तर इथेच राहीन, आणि पुढे ललितचं काय ते ललित ठरवतील.

अर्ज माझ्या टेबलाच्या खणात कोरा पडला आहे.

तुमची माया आहे हे ठाऊक आहे, म्हणून तर विचारलं.

आपली,
सोनम


नंदुरबार
२६ ऑगस्ट २०२४

चि. सौ. सोनमला आत्याचे आशीर्वाद, डोक्यावर हात ठेवून.

तुझं पत्र दोनदा वाचलं. वहिनींनी चारचौघींत ताट उचलायला नको होतं. आधी कानात सांगता आलं असतं. ती चूक त्यांच्या पदरात मी स्वतः घालणार आहे.

पण तू निकाल मागितलास, म्हणून शांतपणे सांगते. रोटाचं दळणच मुळी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा सव्वा मूठ मोजून होतं. तो घरच्यांनीच खायचा, उंबऱ्याबाहेर न्यायचा नाही, उरला तर पौर्णिमेपर्यंत घरातच संपवायचा, गाईलासुद्धा घालायचा नाही. माझं लग्न झालं त्या वर्षी मी हट्टाने रोटाला माहेरी गेले होते. माझ्या सख्ख्या आईने माझ्या समोरचं ताट असंच उचललं. मी ओसरीवर बसून ढसाढसा रडले होते. माझी जात तर तीच होती ना? जिने मला जन्म दिला तिनेच उठवलं. तेव्हा तुझ्यावर जो वार बसला असं तुला वाटतं, तो रोटाच्या रीतीचा आहे. वहिनी अडाणी आहेत, रीत हातातून सुटू नये म्हणून धडपडतात. त्यात तुझ्या पावरा असण्याचा संबंध नाही, असं मला मनापासून वाटतं.

शाळेत दोन पोरं भांडली की मी आधी विचारायची, मुद्दाम केलंस की धक्का लागला? बहुतेक वेळा धक्काच लागलेला असायचा. तेव्हा खण उघड, अर्ज काढ, आणि निळ्या शाईने भर. काळी शाई आमचे बाबूलोक परत करतात.

तुझ्या आईवडिलांना, फुलवंताबाई आणि बाज्याभाऊंना, नमस्कार सांग. मनात अढी ठेवू नकोस, ही हक्काची विनवणी.

तुझी,
सरलाआत्या


उपकेंद्र
३१ ऑगस्ट २०२४

ती. आत्यांना नमस्कार. वि. वि.

निळं पेन माझ्याकडे आहे. अर्ज भरलेला नाही.

तुम्हाला तुमच्या आईने उठवलं, कारण तुम्ही लग्न होऊन त्या घरातून गेला होतात. मी तर लग्न होऊन त्या घरात आले. लेक बाहेरची झाली तर सून आतली व्हायला हवी, हे तुमच्याच रीतीने. मी सून नसेन तर त्या घरात कोण आहे? ट्रॅक्टरवाल्याच्या शेजारी बसणारी कोण असते?

आणि स्वप्नालीचं तुम्ही लिहिलंच नाहीत. तिचं लग्न एप्रिलात झालं, माझ्यानंतर महिन्याने. ती ललितच्या चुलतभावाची बायको, आपल्या घरातली सगळ्यांत नवी सून. ती माझ्या मांडीला मांडी लावून बसली होती. तिने रोट खाल्ला. तिचं ताट कुणी उचललं नाही. मग धक्का लागला म्हणायचा का, आत्या? शेजारी शेजारी बसलेल्या दोघींतून एकीलाच बरोबर लागला?

हे मी चिडून लिहिते आहे आणि चिडून लिहिते आहे हे मला कळतं. आमच्या आईला मी काही सांगितलं नव्हतं, पण गोकुळ, माझा भाऊ, गाडीत भेटला आणि माझं तोंड बघून त्याने विचारून घेतलं. तो म्हणतो, तक्रार कर. कायदा आहे. मी त्याला थांबवलं आहे. तक्रार करायची तर जाणूनबुजून केलं हे मला आधी स्वतःला माहीत हवं. खोट्या आळावर मला कुणाचं नाव लिहायचं नाही. पण खोट्या समाधानावर संसारही करायचा नाही.

तुम्ही शांतपणे सांगितलंत, पण तिथे जाऊन विचारलं नाहीत. नंदुरबारला खुर्चीत बसून निकाल लिहिलात. रागावू नका, पण एकदा जाऊन विचारा. वीस तारखेला वीस दिवस आहेत.

लोभ कमी करा असं म्हणत नाही, पण तो खरा असू द्या.

सोनम


नंदुरबार
८ सप्टेंबर २०२४

चि. सौ. सोनम हिला आशीर्वाद.

कालच माहेरून आले. तू लिहिलंस ते लागलं, आणि लागलं म्हणूनच गेले. जे कळलं ते जसंच्या तसं लिहिते.

आधी स्वप्नालीला गाठलं. पोर रडायलाच लागली. म्हणाली की लग्नानंतर पाचव्या दिवशी तिला कानबाईपुढे बसवून, तिचं नाव घेऊन, पहिला नारळ वाढवून घरात घेतलं. नव्या सुनेला असं घेतल्याशिवाय रोट देत नाहीत. तुला घेतलेलं नाही. तुमचं लग्न कचेरीत झालं, मग ते राहिलं. माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, सापडली रीत. तिने आणखी एक सांगितलं. तुझ्या हातातला तो तुकडा वहिनींनी टाकला नाही की बाजूला ठेवला नाही. माजघरात भिंतीकडे तोंड करून स्वतः खाल्ला. तुझ्या हाताचा विटाळ मानणारी बाई तो तुकडा तोंडात घालेल का, असं माझ्या मनात आलं, आणि मी हे तुला कसं लिहीन याची वाक्यंसुद्धा जुळवू लागले.

मग वहिनींना विचारलं की पाच महिन्यांत त्या पोरीचं नाव कानबाईपुढे का घेतलं नाही? त्या भांडी घासत होत्या, घासतच राहिल्या. लोटनदादा म्हणाला की भाऊबंदांतल्या मोठ्या घरच्या मंगलाबाईंनी आधीच निरोप धाडला होता, ती पोर रोटाला बसली तर आमच्याकडच्या नऊ जणी उठतील. पंगत मोडली असती, गावात बोभाटा झाला असता. म्हणून ताट उचललं. मी वहिनींवर कडाडले. म्हटलं, मंगलाबाईच्या धाकाने तुम्ही घरच्या सुनेला ओसरीवर बसवलंत?

तेव्हा त्यांनी हात पुसले, कपाटातल्या साड्यांखालून एक पाकीट काढलं आणि माझ्या हातात दिलं. फेब्रुवारीत, तुमच्या लग्नाआधी, मीच त्यांना लिहिलेलं पत्र होतं ते. त्यात लग्नाला होकार द्या असं लिहिलं होतं, आणि पुढे असंही की देवाधर्माच्या बाबतीत घाई करू नका, भाऊबंदांना दुखवू नका, जरा सबुरीने घ्या. शिकलेली नणंद सांगते म्हणून वहिनींनी ऐकलं.

मी ते लिहिल्याचं विसरूनच गेले होते, सोनम. आता निकाल कसला देऊ? मुद्दामच केलं म्हण, आणि करवणारी मी. वहिनींवर राग धरू नकोस, माझ्यावर धर. पोटात घालता आलं तर घाल. अर्जाचं तुझ्यावर सोडते.

वहिनी आणि दादा तुझ्याकडे यायचं म्हणत होते. मी नको म्हटलं, पण ऐकतील असं वाटत नाही.

आशीर्वाद पोचले असं समजू का?

सरलाआत्या


उपकेंद्र
१५ सप्टेंबर २०२४

ती. आत्यांना नमस्कार.

ते आले होते. गुरुवारी, लसीकरणाच्या दिवशी. जीप नाल्याच्या अलीकडेच थांबली, तिथून आई दीड किलोमीटर चिखलातून चालत आल्या. मी बाळांना टोचत होते. त्या बाकावर आमच्या बायकांच्या रांगेत बसून राहिल्या, एकीचं पोरही त्यांनी मांडीवर घेतलं. बाबा बाहेर छत्री धरून उभे होते. पस्तीस बाळं संपेपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. मुद्दाम बोलले नाही.

मग मी चहा केला आणि तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवलं. मला वाटलं त्या तुमच्यावर ढकलतील, मंगलाबाईंवर ढकलतील. सगळी वाट तुम्ही मोकळी करून दिली होतीत. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या की सरलाताईनी लिखं व्हतं हाई खरं शे, मंगलाबाई बी बोलनी व्हती, पन मन्हा मनमा नही ऱ्हातं ते मी कसाले ऐकती? मी विचारलं की मग तो तुकडा का खाल्लात? तर म्हणाल्या की तू जे डोळे करून बघितलंस ते घशात अडकले होते, तुकडा गिळला तरी उतरले नाहीत. माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. पुढच्या श्रावणात सगळ्यांसमोर नाव घेईन, ज्यांना उठायचं त्या उठोत, एवढं म्हणाल्या. होईल की नाही ते तेव्हा बघू.

एक महिना मी सगळ्यांना एकच गोष्ट विचारत होते. ललितने सांगितलं, मनात नव्हतं. तुम्ही सांगितलं, रीत होती. स्वप्नालीने सांगितलं, नारळ राहिला. बाबांनी सांगितलं, पंगत मोडली असती. जिने ताट उचललं तिला मात्र कुणी विचारलं नाही, आणि मीही नाही. तिने एका वाक्यात सांगितलं की हो, मनात होतं. ते ऐकून मला रडू आलं. वाईट वाटून आलं, पण महिन्याभरात पहिल्यांदा पाय जमिनीला लागल्यासारखंही वाटलं. अशा बाईशी भांडता येईल. भांडून राहताही येईल कदाचित.

अर्ज भरला आहे, निळ्या शाईने, आणि आज तालुक्याला पाठवला. पण घरात राहणार नाही. ललितना सांगितलं आहे की सारंगखेड्यात खोली बघा. ते तिथे येऊन राहतील तर आनंद आहे. बघायला लागले आहेत म्हणतात. गोकुळ अजून धुमसतो आहे, त्याला वेळ लागेल आणि तो मी त्याला देणार आहे.

आता तुमचं. तुम्ही आईंवर नऊ जणींसमोर कडाडलात आणि मला मात्र तुमच्या जुन्या पत्राचा सारांश लिहिलात. सबुरीने घ्या, घाई करू नका. मी रोज रजिस्टर लिहिते, सारांश कसा लिहितात मला कळतं. आईंना मी ते पत्र मागितलं नाही. तुम्हालाच मागते. त्यात जे वाक्य होतं ते उतरवून पाठवा. आणि हेही लिहा की तुम्ही खरंच विसरला होतात का.

उत्तर येईपर्यंत लोभाचं काही लिहीत नाही.

सोनम


नंदुरबार
१९ सप्टेंबर २०२४

सोनम,

आशीर्वाद लिहायला घेतला आणि हात थांबला.

नऊ जणींसमोर नाही, फक्त दादासमोर वहिनींवर कडाडले होते. पण ही दुरुस्ती करायची सवयच माझी खोड आहे, ते मला आता दिसतं. काल परत गावी गेले आणि वहिनींकडून कागद घेऊन वाक्य उतरवलं. ते असं आहे:

'मुलगी नोकरीची आहे, वागायला चांगली आहे, तेव्हा घरात घ्यायला हरकत नाही. मात्र कानबाईच्या रोटाच्या ताटाला त्या पावरणीचा हात लागणार नाही एवढं तुम्ही सांभाळा, म्हणजे आपलं आपल्यात राहील.'

तुझं नाव पूर्ण पत्रात कुठेही नाही. तेव्हा ते मला माहीत होतं. ललितने तुझा फोटो दाखवून दोनदा सांगितलं होतं.

विसरले नव्हते. तुझं पहिलं पत्र वाचलं त्याच दिवशी आठवलं. तरी तुला आईची, ओसरीची, शाळेतल्या पोरांची गोष्ट लिहिली. ती गोष्टही खरी आहे, आणि मी ती या वाक्यापुढे आडवी धरली.

मूळ कागद वहिनींनी फाडू नये असं त्यांना सांगून आले आहे. तू खाली राहायला आलीस की तो तुला देतील. ललितला हे पत्र वाचू दे. गोकुळलाही दे. त्याने तक्रार करायची म्हटली तर या वाक्याखाली सही माझी आहे.

लोटनदादाची बहीण म्हणून नव्हे; सरला काशिनाथ पाटील, निवृत्त मुख्याध्यापिका